आंतरजालीय अभिव्यक्तिस्वातंत्र्य

आंतरजालाच्या, म्हणजेच इंटरनेटच्या, माध्यमातून माहिती मिळविण्याचे, मत मांडण्याचे व ते इतरांपर्यंत पोहोचविण्याचे स्वातंत्र्य. नको असलेले संदेश नाकारण्याचा ग्राहकाचा हक्क हा या स्वातंत्र्याचाच दुसरा भाग समजला जातो.

वृत्तपत्रे, आकाशवाणी व दूरचित्रवाणी या माध्यमांत बोलणारे थोडे व ऐकणारे पुष्कळ असतात. आंतरजालावर मात्र प्रत्येक ग्राहक एकाच वेळी बोलणारा व ऐकणारा असतो. त्यामुळे त्याच्या अपेक्षाही दुहेरी असतात. आपल्या बोलण्यास कोणी अटकाव करू नये, ही पहिली अपेक्षा. आणि दुसऱ्यांचे अनाहूत, फसवे किंवा धमकीचे बोलणे कोणीतरी थोपवावे, ही दुसरी. दोन्ही रास्त आहेत. परंतु दुसरी अपेक्षा पुरी करण्यासाठी जी गाळणी उभारावी लागते, तीच पहिलीस बाधक ठरू शकते. ही गाळणी यंत्राची असो वा कायद्याची, तिच्या हातून दोन प्रकारच्या चुका संभवतात : नको ते सुटून येणे व हवे ते अडून राहणे. या दोन चुकांमध्ये प्रमाण कसे राखावे, हा या विषयातील मूळ प्रश्न होय. महाराष्ट्रात १९८७ नंतरच्या काळात घडलेल्या अनेक घटनांतून हा प्रश्न पुढे आला आहे.

प्रारंभ : भारतात संगणकांचे जाळे प्रथम शैक्षणिक व संशोधन संस्थांपुरते मर्यादित होते. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. पाच आय. आय. टी. संस्था, बंगलोरची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि दिल्लीतील स्वतः हा विभाग हे त्याचे आरंभीचे सहभागी होते. मुंबईतील पवई येथील आय. आय. टी. (स्थापना १९५८) आणि उपरोक्त सॉफ्टवेअर केंद्र यांच्या दरम्यान १९८७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून ई-पत्रांची देवाणघेवाण सुरू झाली. देशातील अशा पहिल्या दुव्यांपैकी एकाचे टोक अशा रीतीने मुंबईच्या या उपनगरात होते.

त्या काळी पत्र पाठविणारा व घेणारा सहसा एकमेकांस ओळखत आणि वापराचे नियम संस्थेच्या शिस्तीतून आपोआप ठरत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईसह प्रमुख महानगरांत ही सेवा सर्वसामान्यांस खुली केली, तेव्हा ही स्थिती पालटली. ओळखीच्या मंडळींचे जाळे अनोळखी माणसांचे झाले आणि पूर्वी संकेतावर चालणाऱ्या गोष्टींसाठी नियमांची गरज भासू लागली.

संस्थेच्या शिस्तीचा प्रश्नही संपला नाही. मार्च २००७ मध्ये पवईच्या आय. आय. टी.ने आपल्या वसतिगृहांतील आंतरजालसेवा रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी १२.३० पर्यंत बंद ठेवण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थी रात्र-रात्र संगणकापुढे घालवितात, एकलकोंडे होतात व त्यांच्या अभ्यासावर परिणाम होतो, अशी त्यामागील कारणे देण्यात आली. विद्यार्थ्यांत त्याविषयी नाराजी होती. आंतरजाल ही संस्थेने दिलेली सवलत आहे की प्रौढ विद्यार्थ्याच्या नित्य जीवनाचे साधन, हा मतभेद या प्रसंगी स्पष्टपणे दिसून आला.

अनाहूत संदेश : न मागता व एकगठ्ठा पाठविलेल्या, बहुधा जाहिरातवजा किंवा फसव्या संदेशास ‘स्पॅम’ म्हणतात. हे मूळचे डबाबंद मांसाच्या एका अमेरिकन प्रकाराचे नाव. एका ब्रिटिश विनोदी दूरचित्रवाणी कार्यक्रमात १९७० मध्ये या शब्दाचा कंटाळा येईपर्यंत पुनरुच्चार करण्यात आला होता. त्यावरून तो या अर्थी रूढ झाला. अशा संदेशाचे पहिले ठळक उदाहरण मे १९७८ मधील आहे. एका अमेरिकन संगणक कंपनीच्या विक्रेत्याने ‘अर्पानेट’ या जाळ्यावरील सु. ४०० व्यक्तींना आपल्या यंत्रांची जाहिरात एकाच वेळी पाठविली होती. टपालाने जाहिरात पाठविणाऱ्यास प्रत्येक पाकिटामागे खर्च येतो. ई-पत्रात तो जवळजवळ शून्य असतो. लाखो लोकांपैकी अगदी थोड्यांनी प्रतिसाद दिला, तरी पाठविणाऱ्यास फायदा होतो. वाचण्यात व पुसून टाकण्यात जाणारा वेळ मात्र ग्राहकाचा असतो. अनाहूत संदेशांच्या वाढीचे हे मूळ कारण होय.

हे संदेश रोखण्याच्या यांत्रिक पद्धती तीन आहेत. पहिलीत उपद्रवी म्हणून ज्ञात असलेल्या प्रेषक-संगणकांची यादी करून त्यांचे संदेश नाकारले जातात. दुसरीत पत्र ज्या पत्त्यावरून आल्याचे दिसते, तेथूनच ते निघाले आहे काय, याची तपासणी होते. तिसरी पद्धत संभाव्यतेवर आधारलेली आहे. ग्राहकाने हव्या व नको ठरविलेल्या पत्रांतील शब्दांची वारंवारता मोजली जाते आणि नव्या पत्रातील शब्दांवरून ते कोणत्या गटात पडण्याचा संभव अधिक आहे, हे बेझ यांच्या नियमानुसार काढले जाते. संभाव्यतेची मर्यादा खाली आणल्यास अधिक जाहिराती अडतात, पण नोकरीच्या मुलाखतीचे किंवा बँकेचे एखादे खरे पत्रही त्यांत सापडते. ती वर नेल्यास खरी पत्रे सुखरूप पोहोचतात, पण जाहिरातीही सुटतात. अशा गाळणीस शिकविण्यासाठी पुष्कळ नमुने लागतात. मराठीचे नमुने इंग्रजीच्या मानाने थोडे आहेत, शिवाय तोच मजकूर कधी देवनागरीत तर कधी रोमन लिपीत लिहिला जातो. त्यामुळे मराठी मजकुराच्या बाबतीत चुकांना अधिक वाव राहतो.

जाहिरात हेही एक प्रकारचे भाषणच होय. मुंबईतील दूरध्वनी ग्राहकांच्या व्यापारी सूचीवरून उद्भवलेल्या टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये व्यापारी अभिव्यक्तीसही संविधानाचे संरक्षण असल्याचे मान्य केले. म्हणून अनाहूत जाहिरातीवरील निर्बंधाचे समर्थन तिच्यातील मजकुराच्या योग्यायोग्यतेवर नव्हे, तर ग्राहकाच्या नकारावर आधारावे लागते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाची योजना याच तत्त्वावर उभी आहे. २००७ मध्ये नकार नोंदविणाऱ्या ग्राहकांची राष्ट्रीय सूची सुरू झाली. २०१० च्या विनियमांनी बँक व विमा, स्थावर मालमत्ता, शिक्षण, आरोग्य इ. विषयवार नकार नोंदविण्याची सोय केली. त्यासाठी १९०९ हा क्रमांक वापरतात. २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषक-संस्थेचे नाव व संदेशाचा साचा यांची आगाऊ नोंदणी आवश्यक झाली. २०२५ मधील दुरुस्तीने तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली.

या योजनेतही गाळणीची दुसरी चूक घडलीच. जाहिरातदारांस आळा घालण्यासाठी २०११ मध्ये प्रत्येक ग्राहकाच्या दैनिक लघुसंदेशांवर प्रथम १०० ची व पुढे २०० ची मर्यादा घालण्यात आली. व्यक्तिगत संदेशांना लागू केलेली ही मर्यादा अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये दिला. जाहिरातदारासाठी विणलेल्या जाळ्यात सामान्य ग्राहक अडकल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

संकेतस्थळे अडविणे : शासनाच्या आदेशाने संकेतस्थळे बंद करण्याचे प्रकार भारतात आरंभापासून घडत आले आहेत. कारगिल युद्धाच्या सुमारास १९९९ मध्ये विदेश संचार निगमाच्या सेवेवरून ‘डॉन’ या पाकिस्तानी वृत्तपत्राचे संकेतस्थळ दिसेनासे झाले होते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या उपनगरी गाड्यांत बाँबस्फोट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत केंद्रीय दूरसंचार विभागाने सु. १८ पृष्ठे अडविण्याचा आदेश सेवादात्या कंपन्यांना दिला. नेमकी पृष्ठे वेगळी काढण्याऐवजी काही कंपन्यांनी ती ज्या सेवेवर होती ती संपूर्ण सेवाच बंद केली. परिणामी त्या आदेशाशी काहीही संबंध नसलेल्या असंख्य लेखकांच्या अनुदिनी अनेक दिवस दिसू शकल्या नाहीत. संकटाच्या काळात नागरिक याच माध्यमातून आप्तांचा शोध व मदतीची माहिती यांची देवाणघेवाण करीत, हे लक्षात घेता या चुकीचे गांभीर्य ध्यानात येते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ६९ क (इंग्रजी पाठातील ‘६९ ए’) घालण्यात आले व २००९ मध्ये त्याखालील नियम झाले. त्यांनुसार देशाचे सार्वभौमत्व, सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था इ. ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार मजकूर अडवू शकते; मात्र त्याची कारणे लेखी नमूद करावी लागतात. या कार्यवाहीत गुप्तता राखण्याची तरतूद नियमांत असल्याने आपला मजकूर का अडविला, हे लेखकास अनेकदा कळत नाही, हा या तरतुदीवरील प्रमुख आक्षेप आहे.

पालघर प्रकरण व कलम ६६ ‘ए’ : २००८ च्या त्याच दुरुस्तीने कलम ६६ ‘ए’ अस्तित्वात आले व ते २७ ऑक्टोबर २००९ पासून अंमलात आले. त्याचे तीन खंड होते. पहिला अत्यंत आक्षेपार्ह किंवा धमकीच्या मजकुराविषयी होता. दुसरा खोटा असल्याचे माहीत असूनही त्रास, गैरसोय, अपमान, द्वेष इ. उत्पन्न करण्यासाठी वारंवार पाठविलेल्या मजकुराविषयी होता. तिसरा त्रास देण्यासाठी किंवा आपल्या उगमाविषयी ग्राहकास फसविण्यासाठी पाठविलेल्या ई-पत्रांविषयी होता. अनाहूत संदेशांना लागू पडेल अशी तरतूद ती हीच. तिन्हींसाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड अशी एकच शिक्षा होती. टपाल व दूरध्वनी यांवरून होणारा उपद्रव रोखणाऱ्या ब्रिटिश कायद्यांतील भाषेशी तिचे साम्य होते. पण दूरध्वनीवरील संभाषण एका व्यक्तीस उद्देशून असते, तर आंतरजालावरील मत सर्वांसाठी मांडलेले असते. पहिल्यास लावलेले ‘त्रास’ हे माप दुसऱ्यास लावल्यास कोणतेही अप्रिय मत गुन्हा ठरू शकते.

याचा प्रत्यय महाराष्ट्रात लवकरच आला. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना मुंबईत राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांचे निधन झाले व दुसऱ्या दिवशी मुंबई आणि परिसरातील व्यवहार बंद राहिले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथील एका तरुणीने या बंदच्या औचित्याविषयी ‘फेसबुक’वर प्रश्न उपस्थित केला आणि तिच्या मैत्रिणीने त्या मजकुरास पसंती दर्शविली. दोघींनाही पोलिसांनी अटक केली. जमावाने पहिल्या तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली. दोघींना जामीन मिळाला, पुढे संबंधित पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्यात आले व हे प्रकरण मिटविण्यात आले. केवळ पसंती दर्शविणे हाही अटकेचा विषय होऊ शकतो, ही गोष्ट मात्र देशभरच्या ग्राहकांच्या मनावर ठसली.

पालघरच्या घटनेनंतर दिल्लीतील एका विधि-विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या नावाने प्रसिद्ध असलेल्या या खटल्याचा निकाल न्या. जे. चेलमेश्वर व न्या. रोहिंटन नरिमन यांनी २४ मार्च २०१५ रोजी दिला. संविधानाच्या अनुच्छेद १९ (२) मध्ये वाजवी निर्बंधांची आठ कारणे दिली आहेत. त्यांत ‘त्रास’ किंवा ‘गैरसोय’ यांचा समावेश नाही. चर्चा, पुरस्कार व चिथावणी या भाषणाच्या तीन पायऱ्या असून केवळ तिसऱ्या पायरीवर निर्बंध समर्थनीय ठरतो, असे प्रतिपादन करून न्यायालयाने कलम ६६ ‘ए’ संपूर्णतः रद्द केले. कलम ६९ क मात्र वैध ठरविण्यात आले. तसेच न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची अधिसूचना असल्याखेरीज केवळ खाजगी तक्रारीवरून मजकूर काढण्याचे बंधन मध्यस्थ कंपन्यांवर राहणार नाही, असेही स्पष्ट झाले.

या निकालाचा एक परिणाम सहसा दुर्लक्षिला जातो. तिन्ही खंड एकत्र गुंफले असल्याने फसव्या ई-पत्रांविषयीचा तिसरा खंडही त्याबरोबर गेला. फसवणूक, ओळखीची चोरी इत्यादींसाठी स्वतंत्र कलमे शिल्लक आहेत, दूरध्वनीवरील व्यापारी संदेशांसाठी विनियम आहेत. परंतु अनाहूत ई-पत्रांसाठी भारतात वेगळा कायदा झालेला नाही. व्यापक शब्दांत लिहिलेल्या कायद्यामुळे बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य धोक्यात आले आणि ऐकणाऱ्याचे संरक्षणही टिकले नाही. शिवाय रद्द झालेल्या या कलमाखाली पुढेही गुन्हे नोंदविले जात असल्याचे आढळल्याने ते थांबविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास ऑक्टोबर २०२२ मध्ये द्यावा लागला. मे २०२२ मध्ये इतर कायद्यांखाली एका मराठी अभिनेत्रीस राजकीय नेत्याविषयीचा मजकूर प्रसृत केल्यावरून एक महिन्याहून अधिक काळ कोठडीत राहावे लागले. कलम गेले तरी कार्यपद्धती सहजी बदलत नाही, हे यावरून दिसते.

अफवा : अभिव्यक्तीवर कोणताच निर्बंध नसावा, या भूमिकेस सर्वांत मोठे आव्हान अफवांनी दिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातील नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे भिक्षेकरी होते. मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीचे खोटे संदेश त्यापूर्वी ‘व्हॉट्सॲप’वरून परिसरात पसरले होते. याच सुमारास कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी जास्तीत जास्त पाच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. वारंवार पुढे पाठविल्या गेलेल्या संदेशांसाठी एप्रिल २०२० मध्ये ती एकावर आणली. संदेशातील मजकूर न वाचता केवळ त्याचा वेग कमी करणे, हे या उपायाचे वैशिष्ट्य होय. सामान्य ग्राहकाच्या बोलण्यास त्याने फारशी बाधा येत नाही. मात्र अफवेवर विश्वास ठेवण्याच्या प्रवृत्तीवर तो उपाय नव्हे. राईनपाड्याच्या घटनेत बळी पडलेली माणसे ना त्या संदेशांचे प्रेषक होती, ना ग्राहक, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

समान वागणूक : सेवादाती कंपनी काही संकेतस्थळे फुकट वा जलद व इतर महाग वा मंद करू लागली, तर बोलण्यास बंदी नसूनही ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचणे दुरापास्त होते. सर्व मजकुरास समान वागणूक देण्याच्या तत्त्वास जालनिरपेक्षता म्हणतात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१५ मध्ये याविषयी लोकांची मते मागविली असता दहा लाखांहून अधिक ई-पत्रे आली. एरवी तज्ञ व कंपन्या यांच्यापुरत्या राहणाऱ्या अशा विचारविनिमयात सामान्य ग्राहकांचा एवढा सहभाग अपूर्व होता. निवडक संकेतस्थळे मोफत देण्याच्या ‘फ्री बेसिक्स’ या योजनेस पवईसह विविध आय. आय. टी. संस्थांतील अनेक अध्यापकांनी डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त निवेदनाद्वारे विरोध केला. गरिबांना काहीच न मिळण्यापेक्षा थोडे मोफत मिळणे बरे, असा योजनेच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार भिन्न दर आकारण्यास मनाई केली.

अलीकडील घडामोडी : संपूर्ण सेवाच स्थगित करणे हा सर्वांत व्यापक निर्बंध होय. अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी आंतरजालावरून होणाऱ्या अभिव्यक्तीस व व्यवसायास संविधानाचे संरक्षण असल्याचे सांगून अनिश्चित काळाची स्थगिती अमान्य केली. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांवर तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यांवरील अपील समित्या स्थापन झाल्या. याच नियमांतील वृत्त-प्रकाशकांविषयीच्या नीतिसंहितेच्या काही भागास, पत्रकार निखिल वागळे व अन्य याचिकाकर्त्यांच्या अर्जांवर, मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली. शासकीय कामकाजाविषयीचा मजकूर खोटा वा दिशाभूल करणारा ठरविण्याचा अधिकार शासनाच्याच सत्यशोधन कक्षास देणारी २०२३ ची दुरुस्ती विनोदकार कुणाल कामरा व इतरांनी त्याच न्यायालयात आव्हानित केली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांत मतभेद झाला. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ती दुरुस्ती रद्द ठरली. वादातील एक पक्षच निवाडा करणारा असू नये, हा आक्षेप या खटल्याच्या मुळाशी होता.

ग्राहकांची दृष्टी : या विषयात सर्व ग्राहकांचे मत एक नाही. ज्याचा मजकूर अडविला गेला, त्यास नियंत्रण जाचक वाटते. जिला रोज धमक्या येतात, त्या स्त्रीस ते अपुरे वाटते. तिच्यासारख्यांचे संरक्षण मात्र व्यापक कलमांतून नव्हे, तर नेमक्या गुन्ह्यांतून अधिक चांगले साधते. २०१३ मध्ये दंड संहितेत आलेला व १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असलेला पाठलागाचा गुन्हा स्त्रीच्या आंतरजालीय व्यवहारांवर पाळत ठेवण्यासही लागू होतो. त्याची व्याख्या निश्चित असल्याने तो राजकीय मतभेदास सहसा लावता येत नाही. स्वतःच्या नावाने बोलावे की टोपणनावाने, याविषयीही दुमत आहे : टोपणनाव उपद्रवी माणसास आडोसा देते, तसेच ते नोकरी वा गावकी यांच्या दडपणाखालील माणसास तोंड उघडण्याचे धैर्यही देते.

मतभेद असूनही ग्राहकांच्या मागण्यांत काही समान सूत्रे आढळतात. नको असलेला संदेश नाकारण्याचा निर्णय आपला असावा. मजकूर काढावयाचा झाल्यास तो नेमका तेवढाच काढावा. काढल्याचे व त्याच्या कारणाचे लेखकास कळवावे. आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची सोय सुलभ व अल्पखर्चाची असावी, ही ती सूत्रे होत. गाळणीच्या चुका पूर्णपणे टाळता येत नाहीत. चूक झाल्यावर ती कोणाच्या ध्यानात येते व किती लवकर दुरुस्त होते, यावरच सामान्य ग्राहकाचे स्वातंत्र्य अवलंबून राहते. [→ अभिव्यक्तिस्वातंत्र्य, दूरसंचार, संगणक].